पँथर रणगाडा: जडणघडण आणि रणांगणावरील वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पँथरविषयी बोलताना बहुतेक लोक दोन टोकांपैकी एक गाठतात. काहींच्या मते तो दुसऱ्या महायुद्धातील सर्वोत्तम रणगाडा होता, तर काहींच्या मते तो रणांगणावर पोहोचण्याआधीच बंद पडणारे एक महागडे यंत्र होते. दोन्ही मतांना पुरावा सापडतो, कारण दोन्ही बाजू पँथरच्या वेगवेगळ्या भागांकडे पाहत असतात. समोरचे चिलखत आणि तोफ पाहणारा भारावून जातो; गिअर, इंधन, चालकांचे प्रशिक्षण आणि दुरुस्तीची व्यवस्था पाहणारा मान हलवतो. पुढील उत्तरांत दुसऱ्या बाजूला थोडी जास्त जागा दिली आहे, कारण पँथरचे भवितव्य प्रामुख्याने तिथेच ठरले.

पँथर म्हणजे नेमका कोणता रणगाडा?

जर्मन सैन्याच्या क्रमवारीतील पाचव्या क्रमांकाचा हा रणगाडा. १९४३ च्या उन्हाळ्यापासून युद्धाच्या अखेरपर्यंत तो जर्मनीच्या चिलखती डिव्हिजनांत वापरात होता. वजन सुमारे ४५ टन, चमू पाच जणांचा, ७५ मिलिमीटरची लांब नळीची तोफ आणि मागच्या बाजूला मायबाख कंपनीचे पेट्रोल इंजिन, अशी त्याची ठळक ओळख सांगता येईल. फेब्रुवारी १९४४ मध्ये हिटलरने नावातला रोमन आकडा काढून टाकण्याचा आदेश दिला आणि 'पँथर' हे एवढेच नाव अधिकृत झाले. टायगर हा 'जड' रणगाडा मानला जाई आणि स्वतंत्र बटालियनांना दिला जाई. पँथर मात्र कागदोपत्री 'मध्यम' होता आणि प्रत्येक चिलखती डिव्हिजनच्या एका बटालियनला तो मिळावा, अशी योजना होती. ४५ टनांच्या यंत्राला मध्यम म्हणणे आज विनोदी वाटते; पण ही विभागणी वजनावर नव्हे, तर रणगाड्याने करायच्या कामावर आधारलेली होती.

हा रणगाडा बनवण्याची गरज कशी निर्माण झाली?

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर चढाई केली, तेव्हा तिच्याकडे संख्येने भरवशाचे म्हणावेत असे रणगाडे होते ते पँझर ३ आणि आखूड तोफेचे पँझर ४. सोव्हिएत सैन्याचे टी-३४ आणि केव्ही-१ समोर आल्यावर त्यांच्या मर्यादा उघड झाल्या. टी-३४ चे उतरते चिलखत, चिखलात न रुतणारे रुंद पट्टे, ७६.२ मिलिमीटरची तोफ आणि डिझेल इंजिन यांचा मेळ जर्मन अधिकाऱ्यांना अनपेक्षित होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये म्त्सेन्स्क या गावाजवळ जर्मन ४थ्या चिलखती डिव्हिजनला त्यांनी जो फटका दिला, त्यानंतर जनरल हाइन्झ गुडेरियान यांनी या प्रश्नाची तड लावण्याची मागणी केली. नोव्हेंबरमध्ये अभियंते आणि उद्योगपती यांचे एक मंडळ थेट आघाडीवर आले आणि हाती लागलेले टी-३४ त्यांनी प्रत्यक्ष तपासले.

जर्मनीत वीस टनांच्या आसपासच्या नव्या रणगाड्याचे आराखडे १९३८ पासून चालू होते, त्यामुळे पँथर कोऱ्या पाटीवर जन्मला असे म्हणता येणार नाही. पण या भेटीनंतर ते आराखडे बाजूला पडले आणि डाइमलर-बेंझ व मान या दोन कंपन्यांना तीस टनांच्या वर्गातील नवा रणगाडा आखण्यास सांगण्यात आले.

मग टी-३४ चीच हुबेहूब नक्कल का केली नाही?

आघाडीवरच्या काही अधिकाऱ्यांची तशी इच्छा होती. अडचण अशी की टी-३४ चे डिझेल इंजिन ॲल्युमिनियमचे होते आणि ते जर्मनीत लगेच मोठ्या संख्येने बनवणे शक्य नव्हते. योग्य मिश्रधातूंच्या पोलादाचीही टंचाई होती.

तरीही डाइमलर-बेंझचा आराखडा टी-३४ च्या बराच जवळ गेला होता. मागे डिझेल इंजिन, मागूनच पट्टे फिरवणारी यंत्रणा आणि पुढे सरकवलेला टरेट (तोफेचा फिरता मनोरा), अशी त्याची मांडणी होती. हिटलरला तो सुरुवातीला पसंत पडला होता. पण त्या टरेटमध्ये लांब तोफ लगेच बसवणे जमण्यासारखे नव्हते, आणि शिवाय धुरळ्यात आपल्याच तोफखान्याने त्याला शत्रूचा रणगाडा समजून उडवण्याचा धोका होता. मानच्या आराखड्यात ऱ्हाइनमेटाल या तोफा बनवणाऱ्या कंपनीचा तयार होत आलेला टरेट बसत होता, टॉर्शन बारवर म्हणजे पीळ घेऊन धक्के झेलणाऱ्या पोलादी दांड्यांवर आधारलेली मऊ चाल होती आणि गिअरबॉक्स जर्मन रिवाजाप्रमाणे पुढे होता. मे १९४२ मध्ये मानची निवड झाली. पहिला नमुना त्याच वर्षी सप्टेंबरात धावला आणि जानेवारी १९४३ मध्ये कारखान्यांतून उत्पादन सुरू झाले. म्हणजे निवड ते उत्पादन हे अंतर आठ महिन्यांचे. या घाईची किंमत पुढे दोन वर्षे मोजली गेली.

तीस-पस्तीस टनांचा रणगाडा पंचेचाळीस टनांवर कसा गेला?

नव्या मागण्यांची भर पडत गेली म्हणून. समोरचे चिलखत ६० मिलिमीटरचे ठरले होते. हिटलरच्या आग्रहावरून ते ८० झाले. टरेटचा पुढचा भाग १०० मिलिमीटरचा झाला. लांब तोफ, मोठे गोळे आणि इंधनाच्या मोठ्या टाक्या यांचेही वजन होतेच. इंजिन बदलून मोठे बसवता आले: पहिल्या सुमारे अडीचशे रणगाड्यांत २१ लिटरचे, पुढच्या सर्वांत २३ लिटरचे आणि कागदावर ७०० अश्वशक्तीचे. पण इंजिनाची ताकद पट्ट्यांपर्यंत पोहोचवणारे सुटे भाग मूळच्या हलक्या रणगाड्याच्या हिशेबाने आखलेले होते, आणि ते बदलायला ना वेळ होता ना यंत्रसामग्री.

पँथरची तोफ इतकी नावाजलेली का आहे?

कारण ती खरोखरच उत्तम होती. ऱ्हाइनमेटालने बनवलेल्या या तोफेच्या नळीची लांबी व्यासाच्या ७० पट, म्हणजे सव्वापाच मीटर होती. ६.८ किलोचा चिलखतभेदी गोळा तिच्यातून सेकंदाला सुमारे ९३५ मीटर वेगाने बाहेर पडे. हजार मीटर अंतरावरून, तीस अंश कललेली सुमारे ११० मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी तो भेदू शकत होता. म्हणजे या एका निकषावर पँथरची ७५ मिलिमीटरची तोफ टायगर १ च्या ८८ मिलिमीटर तोफेहून सरस ठरते. गोळ्याचा मार्ग सपाट असल्याने अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नसे, हा नवशिक्या तोफचीसाठी मोठाच फायदा होता.

तोफ चांगली असली तरी तोफचीची दृष्टी मात्र कोती होती. पँथरच्या तोफचीला बाहेर पाहण्यासाठी नेमदुर्बिणीखेरीज दुसरी खिडकी किंवा पेरिस्कोप नव्हता. कमांडरला लक्ष्य दिसले, तर तो 'डावीकडे, झाडाजवळ' असे सांगणार, मग टरेट फिरणार आणि त्यानंतर तोफची त्या अरुंद वर्तुळात लक्ष्य शोधत बसणार. युद्धानंतर पँथर वापरणाऱ्या फ्रेंचांनी आपल्या अहवालात नोंदवले की कमांडरने तोफ लक्ष्याच्या दिशेला आणल्यावरही तोफचीला ते सापडून गोळा सुटेपर्यंत वीस ते तीस सेकंद जाऊ शकतात. अमेरिकी शर्मन रणगाड्याच्या तोफचीला छतावरचा रुंद पेरिस्कोप होता. दबा धरून बसलेल्या पँथरला हा दोष जाणवत नसे, कारण लक्ष्य कुठून येणार ते ठाऊक असे. अचानक समोरासमोर गाठ पडली की मात्र हे सेकंद जिवावर बेतत.

त्याचे चिलखत खरोखर अभेद्य होते का?

समोरून, बहुतांश वेळा, होय. पुढची ८० मिलिमीटरची पाटी उभ्या रेषेपासून ५५ अंश मागे कललेली होती, त्यामुळे सरळ येणाऱ्या गोळ्याला जवळपास १४० मिलिमीटर पोलाद कापावे लागे; शिवाय तिरकस आपटलेला गोळा घसरून जाण्याची शक्यता वेगळीच. शर्मनची नेहमीची ७५ मिलिमीटर तोफ ही पाटी नेहमीच्या लढाईच्या अंतरावरून भेदू शकत नव्हती.

बाजूचे चित्र अगदी उलट होते. कुशीचे चिलखत ४० मिलिमीटरचे, आणि चाकांमागचा खालचा भाग तर उभा सरळ. जवळून झाडलेली सोव्हिएत पायदळाची १४.५ मिलिमीटरची रणगाडाविरोधी रायफलसुद्धा तिथे आरपार जाऊ शकत होती. म्हणून १९४३ च्या वसंतात दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरच्या पातळ पत्र्यांचे झालर लावण्यात आले. हे झालर पुढे बाझुका या खांद्यावरून डागायच्या रॉकेटविरुद्ध उपयोगी असल्याचे सांगितले जाते, पण मूळ कारण ती साधी रायफल होती. गोळ्यांचा साठाही पट्ट्यांच्या वरच्या बाजूच्या कप्प्यांत, म्हणजे नेमका या पातळ कुशीमागे असे.

युद्धाच्या उत्तरार्धात पोलादाचा दर्जाही घसरला. मॉलिब्डेनमसारख्या धातूंचा पुरवठा आटल्यामुळे काही पाट्या ठिसूळ निघत आणि भेदल्या न जाताही तडकत. त्यामुळे १९४३ च्या पँथरच्या चाचण्यांवरून १९४५ च्या पँथरविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

पँथर वारंवार बंद पडत असे, त्यामागचे खरे कारण काय?

कारणे अनेक, पण एकच निवडायचे झाले तर 'फायनल ड्राइव्ह' म्हणजे पट्ट्याला गती देणारी गिअरची शेवटची जोडी. पँथरचे इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे, चालक आणि रेडिओचालक यांच्या मधोमध. इंजिनाची गती तळाखालच्या दांड्यावरून पुढे येई, सात गिअरच्या पेटीतून आणि सुकाणू यंत्रणेतून दोन्ही बाजूंना वाटली जाई आणि अखेरीस प्रत्येक बाजूच्या फायनल ड्राइव्हमधून दातेरी चाकावर पोहोचे. ४५ टनांचा सगळा ताण शेवटी या दोन लहान पेट्यांतल्या दात्यांवर येई.

हे दाते सरळ कापलेले होते. अशा गिअरमध्ये एका वेळी एक-दोन दातेच भार उचलतात. भार अनेक दात्यांवर विभागणारी ग्रहीय रचना अभियंत्यांना ठाऊक होती, पण तिच्यासाठी लागणारी आतल्या बाजूने दाते कापण्याची यंत्रे जर्मनीत पुरेशी नव्हती, आणि जी होती त्यांवर आधीच दुसऱ्या कामांचा बोजा होता. म्हणजे दोष अज्ञानाचा नव्हता. मोठ्या संख्येने लवकर बनवता येईल ते स्वीकारावे, असा तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय होता. फ्रेंच अहवालानुसार या भागाचे सरासरी आयुष्य अवघे १५० किलोमीटर भरले. ते आकडे युद्धाच्या अखेरीस हाती लागलेल्या, झिजलेल्या आणि कदाचित निकृष्ट धातूच्या रणगाड्यांचे आहेत, हे ध्यानात ठेवूनही आकडा लाजिरवाणाच आहे.

इथे चालकाचा हात महत्त्वाचा ठरे. अनुभवी चालक गिअर बदलताना इंजिनाची गती जुळवून घेई, चढावर झटका देत नसे, उलट्या गिअरमध्ये ओढाताण करत नसे. पँथरला जागच्या जागी वळता येत असे, पण चिखलात ती करामत केली की दाते तुटण्याची खात्रीच. १९४४ मध्ये इंधनाच्या टंचाईमुळे प्रशिक्षणाचे तास कापले गेले आणि सर्वांत नाजूक यंत्र सर्वांत कच्च्या हातांत गेले. बंद पडलेल्या पँथरला दुसऱ्या पँथरने ओढू नये, अशा सूचना होत्या, कारण ओढणाऱ्याचाही फायनल ड्राइव्ह जाई. मग अठरा टन ओढण्याच्या क्षमतेची अर्धपट्टा वाहने लागत, तीही एका वेळी दोन-तीन, आणि ती कायम अपुरी असत. पँथरच्याच सांगाड्यावर बनवलेले 'बेर्गेपँथर' हे ओढवाहन नंतर आले व उपयोगी ठरले, पण संख्या कमीच राहिली.

गिअरबॉक्स बदलायचा तर चालकाच्या डोक्यावरची छताची पाटी नट-बोल्ट सोडून उचलावी लागे आणि तो जड तुकडा क्रेनने वर खेचावा लागे. जवळ दुरुस्ती पथक नसेल तर चमूच्या हाती सुरुंग लावून रणगाडा उडवून देणे एवढेच उरे.

एकमेकांत गुंतलेल्या चाकांचा फायदा होता की तोटा?

दोन्ही. प्रत्येक बाजूला मोठ्या चाकांच्या आठ जोड्या एकमेकींवर चढवून बसवल्या होत्या आणि त्यांना दुहेरी टॉर्शन बारचा आधार होता. त्यामुळे वजन पट्ट्यावर समान पसरे आणि शेताडीतही चाल विलक्षण मऊ राही. हाइनरिश क्नीपकांप या अभियंत्याचा या रचनेवर विशेष भर होता. पण आतले एक चाक बदलायचे तर बाहेरची कित्येक चाके आधी काढावी लागत, आणि रशियाच्या हिवाळ्यात चाकांमध्ये अडकलेला चिखल रात्रीत गोठून सकाळी पट्टा हलेनासा होई.

कुर्स्कच्या लढाईत पँथरचे नेमके काय झाले?

रशियातील कुर्स्कवरची जर्मन चढाई मूळ योजनेप्रमाणे मे १९४३ च्या सुरुवातीस व्हायची होती. ती पुढे ढकलत नेण्यामागे जी कारणे होती, त्यांत पँथरची वाट पाहणे हे एक होते. एप्रिलमध्ये आधीच बनलेले रणगाडे सुधारणांसाठी परत बोलवावे लागले. १ मार्चपासून चिलखती दळाचे महानिरीक्षक झालेले गुडेरियान पँथर अजून तयार नाही असे सांगत राहिले. तरीही ५१ आणि ५२ क्रमांकाच्या बटालियनांचे मिळून दोनशे पँथर शेवटच्या क्षणी आगगाडीने आघाडीजवळ उतरवण्यात आले. चमूंना एकत्र सराव करण्याची संधी मिळालीच नव्हती. स्थानकापासून जमण्याच्या जागेपर्यंत जातानाच दोन पँथर पेटले आणि जळून गेले. नदीनाले ओलांडता यावेत म्हणून इंजिनाचा कप्पा बंदिस्त ठेवला होता. पेट्रोल गळले की वाफा तिथेच कोंडल्या जात.

५ जुलै रोजी ग्रोसडॉइचलँड डिव्हिजनच्या सोबत हे पँथर चेर्कास्कोये गावाच्या दिशेने निघाले. वाटेत पावसाने दलदल झालेली एक घळ आणि सुरुंगांचे शेत होते. पुढचे रणगाडे चिखलात अडकले, काहींचे पट्टे सुरुंगांनी तुटले, मागचे त्यांच्यामागे खोळंबले आणि सोव्हिएत तोफखान्याला थांबलेली लक्ष्ये मिळाली. कमांडची रचनाही घाईत उभी केली होती, त्यामुळे कोणी कोणाला आदेश द्यायचे यावरूनच गोंधळ झाला.

१० जुलैच्या संध्याकाळी आघाडीवर लढण्याजोगे पँथर उरले होते अवघे दहा. हा आकडा प्रसिद्ध आहे, पण त्याच्याबरोबरचे आकडे सहसा कोणी सांगत नाही. त्या वेळेपर्यंत पूर्ण नष्ट झालेले रणगाडे २५ होते. दुरुस्तीची गरज असलेले सुमारे शंभर, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक यांत्रिक बिघाडाने नव्हे, तर गोळे व सुरुंग यांमुळे निकामी झालेले. साधारण चाळीस दुरुस्त होऊन परत येण्याच्या मार्गावर होते. म्हणून 'कुर्स्कला पँथर आपोआप बंद पडले' हे विधान अर्धसत्य आहे. मोठा वाटा सुरुंगांचा आणि नियोजनाचा होता. दुसरीकडे, जे पँथर लढले त्यांनी लांब अंतरावरून टी-३४ टिपले आणि समोरच्या पाटीवर बसलेल्या माऱ्याला दाद दिली नाही, हेही त्याच अहवालांत आहे. खरी हानी ऑगस्टमध्ये झाली. सोव्हिएत प्रतिचढाईत जर्मन सैन्य मागे हटले, तेव्हा दुरुस्तीसाठी उभे असलेले पँथर ओढून नेता न आल्याने उडवून द्यावे लागले. माघार घेणाऱ्या सैन्यासाठी किरकोळ नादुरुस्त रणगाडा आणि पूर्ण नष्ट रणगाडा यांत फरक उरत नाही.

डी, ए आणि जी या प्रकारांत काय फरक आहे?

क्रम वर्णमालेप्रमाणे नाही, एवढे प्रथम लक्षात ठेवावे: आधी डी, मग ए, मग जी. डी प्रकार १९४३ मध्ये बनला आणि कुर्स्कला लढला. ए प्रकारात कमांडरसाठी पेरिस्कोप असलेला नवा ओतीव घुमट आला, टरेट फिरवण्याची यंत्रणा सुधारली आणि पुढच्या मशीनगनला गोलाकार बैठक मिळाली. डीमध्ये तिच्यासाठी टपालपेटीसारखी झडप होती. मार्च १९४४ पासूनच्या जी प्रकारात बाजूचे वरचे चिलखत ५० मिलिमीटर झाले आणि सांगाड्याची बांधणी सोपी करण्यात आली. तोफेभोवतीची गोल ढाल ही जुनी डोकेदुखी होती, कारण तिच्या खालच्या अर्ध्या भागावर आपटलेला गोळा वळून थेट चालकाच्या डोक्यावरच्या पातळ छतात घुसे. सप्टेंबर १९४४ पासून काही रणगाड्यांत ढालीला खाली हनुवटीसारखा उभा काठ देऊन हा दोष कमी केला गेला. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावला जाणारा 'त्सिमेरिट' हा खरखरीत लेप सप्टेंबर १९४३ ते सप्टेंबर १९४४ या काळातील पँथरवर दिसतो. छायाचित्राचा काळ ठरवायला तो फार उपयोगी पडतो.

नॉर्मंडीत पँथर अपेक्षेप्रमाणे प्रभावी का ठरला नाही?

फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नॉर्मंडीत झुडपांच्या उंच बांधांनी वेढलेली लहान शेते आणि दगडी गावे होती. हजार-दीड हजार मीटरवरून मारा करण्याचा पँथरचा गुण तिथे वाया जाई, आणि पातळ कूस उघडी पडण्याचे प्रसंग पावलोपावली येत. ९ जून १९४४ रोजी नोरे-आं-बेसां गावाजवळ १२व्या एसएस डिव्हिजनच्या बारा पँथरांची एक कंपनी उघड्या शेतातून पुढे सरकली. तिचा अंदाज होता की धोका एकाच बाजूने आहे. प्रत्यक्षात उजव्या कुशीला कॅनडाचे शर्मन उभे होते, त्यांत १७ पौंडी तोफेचे 'फायरफ्लाय'ही होते. काही मिनिटांत बारापैकी सात पँथर संपले.

बचावात मात्र हाच रणगाडा घातक ठरे. झाडीत लपलेला एक पँथर रस्त्यावरची संपूर्ण तुकडी रोखून धरी. जर्मन प्रचारयंत्रणेने अशा प्रसंगांतून एकेक 'वीर' घडवले. एका पँथरने एका दुपारी किती शर्मन उडवले याच्या कथांना दुसऱ्या बाजूच्या नोंदींचा आधार बहुधा सापडत नाही, तेव्हा त्या सावधपणेच वाचाव्यात. ऑगस्टमध्ये आघाडी कोसळल्यावर ब्रिटिश तपासपथकांनी रस्त्याकडेचे पँथर मोजले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे चमूने सोडून दिलेले किंवा स्वतःच उडवलेले निघाले. इंधन संपले होते.

ऍराकूरच्या लढाईत नव्या पँथरांचा पराभव कसा झाला?

सप्टेंबर १९४४ मध्ये हिटलरने नव्याकोऱ्या पँथरांनी सज्ज अशा चिलखती ब्रिगेड उभारून फ्रान्सच्या लोरेन प्रांतात पाठवल्या. रणगाडे नवे होते. टेहळणी, तोफखाना आणि सराव यांची मात्र वानवा होती. १३ सप्टेंबरला दोंपेर येथे फ्रेंच २ऱ्या चिलखती डिव्हिजनने ११२व्या ब्रिगेडच्या पँथरांना खोलगट गावात गाठून वरच्या टेकड्यांवरून टिपले. १९ तारखेपासून ऍराकूरजवळ १११ आणि ११३ या ब्रिगेडी अमेरिकी ४थ्या चिलखती डिव्हिजनवर चालून गेल्या. सकाळी दाट धुके असे. त्यामुळे पँथरची लांब पल्ल्याची तोफ निरुपयोगी झाली आणि काही शे मीटरवरून, तीही बाजूने, शर्मन व हेलकॅट ही हलकी रणगाडाविरोधी वाहने त्याला गाठू लागली. धुके विरल्यावर वरून लढाऊ-बॉम्बफेकी विमाने येत. अमेरिकी बाजूच्या एका बटालियनचे नेतृत्व करणारे क्रेटन एब्रम्स यांचेच नाव आजच्या अमेरिकी रणगाड्याला आहे.

इटलीत हिंदी सैन्याची पँथरशी गाठ पडली का?

इटलीत पँथर तुलनेने कमी होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये एक बटालियन अँझिओच्या दिशेने आली होती. तिथला वेगळा प्रकार म्हणजे काँक्रीट आणि पोलादाच्या खोलीवर बसवलेले नुसते पँथरचे टरेट. जमिनीच्या पातळीवर फक्त टरेट आणि ती लांब नळी दिसे. मे १९४४ मध्ये लिरी खोऱ्यातील 'हिटलर लाइन' आणि पुढे 'गॉथिक लाइन' या जर्मन संरक्षक फळ्यांवर दोस्त सैन्याला या टरेटांनी बरेच रणगाडे गमावायला लावले.

याच मोहिमेत हिंदी सैन्याच्या ४थी, ८वी आणि १०वी या डिव्हिजनी होत्या आणि ८व्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांच्या लढती मात्र मशीनगनच्या ठाण्यांशी झाल्या, रणगाड्यांशी नव्हे. काही ठिकाणी या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली आढळते.

एकूण किती पँथर बनले आणि त्यांचा खर्च किती?

सुमारे सहा हजार. मान, डाइमलर-बेंझ आणि हॅनोव्हरचा एमएनएच कारखाना हे प्रमुख उत्पादक. जुलै १९४४ मध्ये महिन्याला सुमारे ३८० ही सर्वोच्च संख्या गाठली गेली. पुढे बॉम्बहल्ल्यांनी ती घसरली. २७-२८ एप्रिल १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी फ्रीडरिशहाफेनवर केलेल्या हल्ल्यात मायबाखच्या इंजिन कारखान्याचे मोठे नुकसान झाले होते. तोफ आणि इतर साहित्य वगळता एका पँथरला सुमारे १,१७,००० राइशमार्क पडत, पँझर ४ ला सुमारे १,०३,००० आणि टायगरला अडीच लाखांच्या आसपास. या हिशेबाने पँथर महाग नव्हता. पण या दरांमागे सक्तीने राबवलेल्या परदेशी मजुरांचे श्रम होते, हे विसरून त्याला 'स्वस्त' म्हणू नये. आणि सुट्या भागांचे उत्पादन कमी करून पूर्ण रणगाड्यांचे आकडे वाढवण्याची सवय जर्मन उद्योगाला लागली होती, तिचा फटका आघाडीवरच्या दुरुस्ती पथकांना बसला.

एक पँथर उडवायला पाच शर्मन लागत, हे खरे आहे का?

नाही. अमेरिकी रणगाड्यांची सर्वांत लहान तुकडी पाच रणगाड्यांची असे, त्यामुळे एका पँथरसमोरही साहजिकच पाच शर्मन येत. त्यावरून पाच गमवावे लागत असा अर्थ काढला गेला. प्रत्यक्षात ज्याने आधी पाहिले आणि आधी गोळा झाडला, त्याची सरशी होई. आणि बचाव करणाऱ्याला आधी दिसण्याची शक्यता जास्त असते.

शत्रुपक्षाने पँथर वापरला का? आणि भारताशी त्याचा काही संबंध येतो का?

सोव्हिएत सैन्याने हाती आलेले पँथर काही तुकड्यांत वापरले. ब्रिटिश कोल्डस्ट्रीम गार्ड्सना नेदरलँड्समध्ये एका कोठारात एक चालू पँथर सापडला. त्याचे नाव त्यांनी 'कुकू' ठेवले आणि खेइस्तेरेन येथील किल्लेवजा वाड्यावर त्याच्या तोफेचा मारा अचूक झाल्याचे नोंदवले. बर्फाळ रस्त्यांवर त्यांचे चर्चिल रणगाडे घसरत असताना कुकू नीट चाले. १९४५ च्या फेब्रुवारीत इंधनपंपाने दगा दिल्यावर तो सोडून द्यावा लागला.

युद्धानंतर फ्रान्सने सुमारे पन्नास पँथरांची एक रेजिमेंट काही वर्षे चालवली आणि वर उल्लेखलेला अहवाल त्यातूनच निघाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पँथरच्या तोफेचा अभ्यास करून फ्रेंचांनी स्वतःची ७५ मिलिमीटरची वेगवान तोफ बनवली आणि ती एएमएक्स-१३ या हलक्या रणगाड्यावर बसवली. हाच रणगाडा भारताने विकत घेतला. सप्टेंबर १९६५ मध्ये छांबच्या आघाडीवर पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांना २० लान्सर्सच्या ज्या तुटपुंज्या तुकडीने तोंड दिले, तिच्याकडे एएमएक्स-१३ होते. चिलखत अगदीच पातळ आणि तोफ मात्र पँथरच्या वंशातली, अशी ती गाडी होती.

आज पँथर कुठे पाहायला मिळतो?

फ्रान्समधील सोम्यूर येथील संग्रहालयात चालू स्थितीतला पँथर आहे. इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनचा पँथर युद्ध संपल्यावर ब्रिटिशांच्या देखरेखीखाली हॅनोव्हरच्या कारखान्यात उरलेल्या भागांपासून जोडलेला आहे, म्हणून तो कधी लढला नाही. जर्मनीत मुन्स्टर आणि रशियात कुबिंका येथेही पँथर आहेत. बेल्जियममधील उफालीझ आणि नेदरलँड्समधील ब्रेडा या गावांत तो स्मारक म्हणून उभा आहे. ब्रेडाचा पँथर तिथे लढलेल्या पोलिश १ल्या चिलखती डिव्हिजनने शहराला दिलेला आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पँथर नाही, मात्र त्याच्या विरोधकांपैकी शर्मन आणि चर्चिल तिथे जवळून पाहता येतात.